घर, ऊन आणि वीजबिल : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या निमित्ताने

(अंबरनाथ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऊर्जेची बचत करणाऱ्या इमारती हा विषय अभ्यासवर्गाच्या पत्रिकेवर पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. जिथे माणसाला डोक्यावर छप्पर मिळण्याची मारामार, तिथे त्या छपरातून किती उष्णता आत येते याची चर्चा करणे म्हणजे खातेपिते लोकांचा छंद, अशी शंका मनात येणे स्वाभाविक आहे. त्यातून या विषयाची भाषाही आजवर बिल्डरांच्या जाहिरातपत्रकांनीच बोलली आहे. ‘हरित जीवनशैली’, ‘निसर्गाच्या कुशीत’ वगैरे शब्द वाचले की शहाण्या माणसाने पान उलटावे, हे मलाही मान्य आहे. परंतु विषय जाहिरातदारांनी बळकावला म्हणून आपण तो सोडून द्यावा, हे काही तर्काला धरून नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे, की घराची भिंत, खिडकी आणि गच्ची कशी असावी हे जो ठरवतो, तो त्या घरात राहत नाही. आणि जो राहतो, तो त्या निर्णयाची किंमत पुढे चाळीस-पन्नास वर्षे दरमहा वीजबिलातून, आणि ज्याला ते परवडत नाही तो झोपेतून आणि प्रकृतीतून, फेडत राहतो. हा प्रश्न वास्तुशास्त्राचा दिसतो. मुळात तो मालकीचा आहे.

घरांच्या प्रश्नावर एंगेल्सने १८७२ मध्ये लेखमाला लिहिली. तिच्यातला एक मुद्दा आपल्या या तीन गावांना तंतोतंत लागू पडतो. भांडवली शहर घरांचा प्रश्न सोडवत नाही, तो एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवते, असा त्याचा आशय होता. मुंबईने आपला घरांचा प्रश्न असाच मध्य रेल्वेच्या रुळांवरून पुढे पुढे ढकलत नेला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर अडुसष्ट किलोमीटर. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची वस्ती लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतरची वाढ तर स्टेशनावर सकाळी उभे राहिले तरी कळते. अंबरनाथ २०११ मध्ये अडीच लाखांवर होते. उल्हासनगरची गोष्ट निराळी. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना देण्यात आली, सुमारे लाखभर माणसे त्या बराकींत येऊन पडली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेरा चौरस किलोमीटरच्या आसपासच्या त्या गावात २०११ मध्ये पाच लाखांहून अधिक माणसे राहत होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला जवळजवळ चाळीस हजार. ज्या गावात दोन इमारतींमधून हात बाहेर काढला तर शेजारच्या भिंतीला लागतो, तिथे वाऱ्याने जावे तरी कुठून?

आता उन्हाचे पाहू. मुंबईकर दुपारी खाऱ्या वाऱ्याने सुखावतो, तेव्हा आपण भाजून निघत असतो. समुद्राचा वारा इथवर पोहोचतो तोच मुळी उशिरा आणि दमून. मार्च-एप्रिलमध्ये पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात त्या दिवशी तर तो फिरकतही नाही, आणि बदलापूरचा पारा चाळीस अंशांच्या पलीकडे जातो. शिवाय आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस अंशांवर आहोत. मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. याचा अर्थ असा, की उन्हाळ्यात सर्वांत जास्त ऊन खाते ती गच्ची, आणि तिच्या खालोखाल मावळतीकडची भिंत. सपाट काँक्रीटचा पाच-सहा इंची स्लॅब दिवसभर ही उष्णता पोटात साठवतो आणि रात्री, नेमकी आपली दुसरी पाळी संपवून माणूस घरी येतो त्या वेळी, खालच्या खोलीत सोडू लागतो. वरच्या मजल्यावरची घरे विकताना ‘खुली हवा’ म्हणून विकली जातात. तिथे राहणाऱ्याला विचारा. रात्री बाराला पंखा गरम वारा खाली ढकलत असतो आणि बाई फरशीवर पाणी मारून मुलांना निजवत असते.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे शास्त्र पुस्तकातून कळले नव्हते, तरी कोकणातले घर त्यांनी जाणून बांधले होते. उतरते कौलारू छप्पर, त्याची भिंतीच्या बाहेर दोन-तीन हात झुकलेली पाखी, पुढे पडवी, आत माजघर. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जायची, पाखीमुळे भिंतीला ऊन लागायचे नाही. अर्थात त्या घराच्या आठवणीने गहिवरून जाण्याचे कारण नाही. त्या माजघरात बाई आयुष्यभर धुरात आणि अंधारात कोंडलेली होती आणि गावकुसाबाहेरच्या माणसाच्या वाट्याला ती पडवीही नव्हती. पण बांधकामाची समज घ्यायला हरकत नाही. आपण मात्र झाले ते उलटेच केले. सोय घेतली नाही, समजही घेतली नाही. छज्जा म्हणजे फुकट गेलेले चटईक्षेत्र असा हिशेब करून खिडक्यांवरचे छज्जे वीतभर उरवले आणि खिडक्या सरकत्या केल्या. सरकती खिडकी ही किती साधी गोष्ट! तिच्या दोन झडपांपैकी एक नेहमी दुसरीच्या मागे राहते, म्हणून खिडकी सहा फुटांची असली तरी वारा येतो तीन फुटांतून. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. गुजरातेत राजकोट महापालिकेने झोपडपट्टी पुनर्वसनासाठी ‘स्मार्ट घर ३’ या नावाने अकराशेंहून अधिक घरे बांधली, तिथे एका भारत-स्विस प्रकल्पाच्या अभियंत्यांनी नेमके हेच केले : भिंतीचे साहित्य बदलले, खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या घेतल्या, आणि इमारतीतल्या नळांच्या पोकळ बोळाचा उपयोग हवा वर खेचण्यासाठी केला. ही पंतप्रधान आवास योजनेतील गरिबांची घरे होती, श्रीमंतांचे बंगले नव्हेत. तेव्हा ‘परवडत नाही’ हे उत्तर फार काळ चालणार नाही.

मग बिल्डर हे का करत नाही? तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. अर्थशास्त्रात एक जुनी गोष्ट मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवत आलो : जो खर्च करतो त्याला फायदा मिळत नसेल तर तो खर्च करणार नाही. भिंत चांगली करण्याचे पैसे बिल्डरने घालायचे आणि बचत मात्र घर घेणाऱ्याच्या बिलात व्हायची. त्यातही घर भाड्याने दिलेले असेल तर मालकाने घालायचे आणि भाडेकरूने वाचवायचे. बाजारात ग्राहक किमतीला चौरस फुटांनी भागतो. भिंतीतून झिरपणाऱ्या उष्णतेला भागाकार नाही. म्हणून बाजार ही भिंत कधीच नीट बांधणार नाही, कितीही स्पर्धा असो. हे काम नियमाचे आहे, म्हणजे राजकारणाचे आहे.

आणि नियम आपल्याला नवे नाहीत. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टचे पाप-पुण्य काय ते इतिहासकार सांगतील; त्याने पाडलेल्या चाळी बांधलेल्यांपेक्षा थोड्या नव्हत्या. पण त्याचे प्रमुख जे. पी. ऑर यांनी १९१२ च्या सुमारास एक नियम आग्रहाने मांडला, तो साडेत्रेसष्ट अंशांचा. खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर पाहिले तर आकाश दिसले पाहिजे. सोप्या भाषेत, समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. ब्रिटिश साम्राज्याच्या एका अधिकाऱ्याला मजुराच्या खोलीत उजेड-वारा यावा एवढे कळले होते. आज आपण त्याच महानगराच्या टोकाला इमारती कशा उभ्या करतो ते कॅम्प नंबर एक ते पाच हिंडून पाहावे. उल्हासनगरात उच्च न्यायालयाने पाडायला सांगितलेल्या ८५५ बेकायदा इमारतींचा प्रश्न सरकारने २००६ मध्ये खास कायदा करून ‘नियमित’ केला. माणसे बेघर होऊ नयेत, हे मला मान्यच आहे. परंतु कागद नियमित झाला म्हणून दोन भिंतींमधली हवा काही नियमित होत नाही, आणि निकृष्ट रेतीचा स्लॅबही होत नाही. मे २०२१ मध्ये पंधरवड्याच्या आत उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि माणसे दगावली. दोन्ही इमारती नव्वदच्या दशकातल्या. त्या काळच्या बांधकामात कसली रेती वापरली याची चर्चा तेव्हा सर्वांनी ऐकली.

१९१९ ते १९३४ या काळात व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने साठ हजारांहून अधिक घरे बांधली. पैसा कुठून आणला? ह्यूगो ब्राइटनर या अर्थविभागाच्या प्रमुखाने १९२३ मध्ये घरांवर चढता कर बसवला. मोठ्या घरांवर जास्त, कामगारांच्या खोल्यांवर नाममात्र. त्यातून १९३० मध्ये पुऱ्या झालेल्या कार्ल मार्क्स होफ या वसाहतीत जमिनीच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी भागावर इमारती आणि बाकी सगळी अंगणे, झाडे, धोबीघरे, बालवाड्या. तिथे मजुराच्या खिडकीसमोर झाड आले ते कुणाच्या दानतीने आले नाही. जमीन नगरपालिकेची होती म्हणून आले. आपल्याकडे जमीन कुणाची हा प्रश्न विचारला की सभा गप्प होते. उल्हासनगरच्या सनदा, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या कडेची जागा, बदलापूरची भातखाचरे : या तिन्ही ठिकाणी जमिनीची किंमत वाढली ती रेल्वेमुळे, पाण्यामुळे, तुमच्या-आमच्या श्रमांमुळे, आणि ती गोळा करून नेली तिसऱ्यानेच.

आता वातानुकूलन यंत्राविषयी दोन शब्द. ते यंत्र म्हणजे ऐष, असे मी म्हणणार नाही. तापलेल्या स्लॅबखाली राहणाऱ्या म्हाताऱ्याला ते औषधासारखे असते. पण ते उष्णता नाहीशी करत नाही, खोलीतली काढून गल्लीत टाकते, वर स्वतःची भर घालून. अरुंद गल्लीत दहा घरांनी यंत्रे लावली की अकराव्या घराची रात्र अधिक तापते. आणि ते अकरावे घर बहुधा तळमजल्यावरचे वा पत्र्याचे असते. शिवाय ही वीज येते कुठून? महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशाची आहे. आपल्या खोलीतला थंडावा चंद्रपूरच्या माणसाच्या फुप्फुसातून येतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल, पण खोटे होणार नाही.

महावितरणच्या घरगुती दरात शंभर युनिटांपर्यंत एक दर असतो आणि शंभराच्या पुढे तो गेल्या काही वर्षांत दुपटीहून अधिक राहिला आहे. दीड टनाचे यंत्र रोज रात्री आठ तास चालले तर महिन्याला दोनशे युनिटे सहज ओलांडतात. उलट साधा पंखा पाहा. जुना पंखा पंचाहत्तर वॉटचा. दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला चौतीस युनिटे खातो. नव्या बनावटीचा तीस वॉटचा पंखा साडेतेरा. घरात असे तीन पंखे असतील तर साठ युनिटे वाचली. एकशे साठ युनिटांचे घर शंभरावर आले, आणि वाचलेली सारी युनिटे महागड्या टप्प्यातली. पंख्याची जादा किंमत दीड-दोन वर्षांत निघते, पण ती एकदम मोजावी लागते म्हणून मजूर पुन्हा जुनाच पंखा घेतो. गरिबाला स्वस्त वस्तू नेहमी महागात पडते. पतपेढ्या चालवणाऱ्या आपल्या मित्रांनी लग्न-कार्याच्या कर्जाबरोबर याचाही विचार करावा.

कायद्याकडे वळू. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. तिच्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, गच्चीतून उष्णता किती झिरपावी याची कमाल मर्यादा. उघडा काँक्रीटचा स्लॅब या मर्यादेच्या तिपटीच्या आसपास उष्णता आत घेतो. दुसरी, आपल्यासारख्या उष्ण व दमट हवेच्या प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र घराच्या चटईक्षेत्राच्या किमान सहाव्या हिश्शाइतके हवे. संहिता चांगली आहे. पण ती पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. बराकींच्या जागी उभ्या राहिलेल्या उल्हासनगरच्या कित्येक इमारतींचे भूखंड त्याच्या जवळपासही जात नाहीत. म्हणजे जिथे गर्दी सर्वांत दाट आणि हवा सर्वांत कोंडलेली, तिथेच संहिता हात आखडते. आणि केंद्राची संहिता बांधकाम परवान्याच्या अर्जात अट म्हणून उतरेपर्यंत ती कपाटातच असते, हे नगरपालिकेत खेटे घातलेल्या कुणालाही सांगायला नको.

याउलट बक्षिसे मात्र आहेत. २०२० च्या राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतीला तीन ते सात टक्के जादा चटईक्षेत्र मिळण्याची सोय आहे. विचार करा : इमारत चांगली बांधल्याचे इनाम म्हणून आणखी बांधायची परवानगी. ते जादा चटईक्षेत्र विकून नफा होतो तो बिल्डरचा. मानांकनाची पाटी फाटकावर लागते. घरात वीज खरोखर किती लागली हे पाच वर्षांनी जाऊन मोजणारी यंत्रणा नगरपालिकेकडे नाही. पैसा द्यायचाच तर मोजून द्यावा.

बांधकामाच्या साहित्याचा प्रश्न आपल्या अगदी उंबऱ्यावरचा आहे. बदलापूर-वांगणी-कर्जतच्या पट्ट्यात आणि मुरबाडच्या वाटेवर दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात. तिथे राबणारे बहुतेक कातकरी. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला सबंध कुटुंब, पोराबाळांसकट, भट्टीवर जाते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली असे कागद सांगतो. आपल्या भिंतीतल्या प्रत्येक विटेत जळालेले लाकूड-कोळसा आहे, शेताची वरची माती आहे आणि ही उचल आहे. आता राखेच्या विटा, हलके ठोकळे आले. भिंत थंड राहते, माती वाचते. पर्यावरणवादी मित्र इथे थांबून समाधान मानतात. आपल्याला थांबता येत नाही, कारण भट्टी बंद झाली तर त्या कातकरी कुटुंबाच्या चुलीचे काय, हे विचारणे आपले काम आहे. उचल सुटली आणि मजुरीही सुटली, तर ती मुक्ती नव्हे. ठोकळ्यांच्या कारखान्यात आणि गच्च्यांच्या दुरुस्तीत कामाचा पहिला हक्क भट्टीमजुरांचा, ही मागणी जोडूनच पुढे जायला हवे.

या बाबतीत केरळकडे पाहावे. १९७० च्या दशकात अच्युत मेनन मुख्यमंत्री असताना अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज यांनी तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज उभारले आणि त्याच्या इमारती लॉरी बेकर यांच्याकडून बांधून घेतल्या. बेकर विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचत, मध्ये पोकळी ठेवत. विटा सुमारे पावपट कमी लागतात, आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. खिडक्यांच्या ठिकाणी विटांची जाळी. वारा येतो, ऊन नाही. गिलावा नाही, रंग नाही. त्यांच्या बांधकामात सिमेंट-पोलादाच्या कंपनीला जाणारा पैसा कमी आणि गवंड्याच्या हातात पडणारा अधिक असे. पुढे मेनन, राज आणि बेकर यांनी मिळून कॉस्टफोर्ड ही संस्था काढली आणि ही पद्धत गरिबांच्या घरांपर्यंत नेली. एक कम्युनिस्ट मुख्यमंत्री, एक अर्थशास्त्रज्ञ आणि एक गवंड्याच्या मनाचा वास्तुकार एकत्र बसले की काय होते त्याचे हे उदाहरण. बेकरांची पद्धत आठ मजल्यांच्या इमारतीला जशीच्या तशी चालणार नाही, हे खरे. पण हिशेबाची रीत चालेल.

गच्चीवरच्या सौर विजेचे बोलणे सध्या फार आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत स्वतःच्या छपरावर तीन किलोवॉट बसवणाऱ्याला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान आहे. पण छप्पर कुणाचे? आपल्या तिन्ही गावांत कित्येक इमारतींची सोसायटी नोंदलेली नाही, नोंदलेली असली तर जमिनीचे अभिहस्तांतरण झालेले नाही. १९६३ च्या कायद्याने ते बिल्डरने करून द्यायचे. त्याने दिले नाही तर मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ मध्ये झाली. ते काम शाखा-शाखांनी अंगावर घेतले पाहिजे. गच्ची कायद्याने रहिवाशांची झाली, तरच तिच्यावरचे ऊन त्यांचे होईल.

आणि एक काम तर उद्यापासून करण्याजोगे आहे. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, पुढे वस्त्यांतली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरण केले. चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा नवा थर निम्म्याहून अधिक ऊन परत पाठवतो. आपल्याकडच्या पावसात तो शेवाळून काळा पडतो, म्हणून दरवर्षी होळीच्या आसपास पुन्हा द्यावा लागेल. चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी महाग पण टिकाऊ. गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड टाकण्याची रीत आपल्याकडे आहे. तीही, पत्रा आणि स्लॅब यांच्यामध्ये वारा खेळता ठेवला तर, स्लॅबला सावली देते. तिची परवानगी सरळ आणि बिनखर्चाची व्हावी. पत्र्याच्याच घरात राहणाऱ्यांचे छप्पर आधी घ्यावे.

धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासाचे नकाशे आता पालिकांच्या टेबलांवर येऊ लागले आहेत. आज जी भिंत मंजूर होईल ती २०७५ पर्यंत उभी राहील. म्हणून अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या शाखांनी येत्या मार्चपासून मेअखेरपर्यंत प्रत्येकी पन्नास खोल्या निवडाव्यात : निम्म्या गच्चीखालच्या, निम्म्या पत्र्याच्या. दुपारी तीनला आणि रात्री दहाला तापमान लिहावे, सोबत त्या घराचे महिन्याचे वीजबिल आणि खिडकीचे माप. साधा तापमापक दीडशे-दोनशे रुपयांना मिळतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात वह्या माझ्याकडे पोहोचवा; तक्ते मी करून देतो, आणि ते घेऊन आपण मुख्याधिकाऱ्यांकडे आणि आयुक्तांकडे जाऊ.